फ्रँचायझी घेऊन मालक होता येत नाही

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्या माणसाला किंवा डिप्लोमा करून घरी बसलेल्या मुलाच्या बापाला हल्ली एक सल्ला न मागता मिळतो. फंडाचे पैसे बँकेत ठेवून काय मिळणार, एखाद्या चालत्या ब्रँडची फ्रँचायझी घ्या. नाव तयार आहे, पाटी तयार आहे, मेनू ठरलेला आहे. माल कंपनी पाठवते, पोरांना शिकवायला कंपनीचा माणूस येतो, जाहिरात कंपनी करते. तुम्ही जागा बघायची, पैसे भरायचे आणि गल्ल्यावर बसायचं. स्वतःच्या डोक्याने दुकान काढणारा बुडतो, फ्रँचायझीवाला तरतो. आणि मराठी माणसाने आयुष्यभर चाकरीच का करायची, मालक कधी व्हायचं? चहाच्या, वडापावच्या, पिझ्झ्याच्या, आइस्क्रीमच्या आणि नर्सरी शाळांच्या कंपन्या असं बोलतात हे समजू शकतं, फ्रँचायझी विकणं हाच त्यांचा धंदा आहे. पण आता उद्योजकतेची शिबिरं घेणारे, ओळखीतले बँक अधिकारी आणि घरातली जाणती माणसंही हेच बोलू लागली आहेत. फ्रँचायझी घेणं आणि धंदा करणं या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकच झाल्या आहेत. त्या एक नाहीत. फ्रँचायझी घेणारा आपलं भांडवल घालून दुसऱ्याच्या धंद्याची एक शाखा चालवतो, आणि ती बुडाली तर नुकसान मात्र स्वतःच्या खात्यावर घेतो. चिपळूण तालुक्यातल्या अलोऱ्यासारख्या गावात तर या सल्ल्यातला एकेक फायदा तपासायला घेतला की उलटा पडतो.

अलोरे हे चिपळूण-कराड मार्गावरचं, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडचं गाव. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, तिथे वीज देऊन कोळकेवाडीच्या धरणात अडतं, तिसऱ्या टप्प्यात पुन्हा ३२० मेगावॉट वीज देतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. एकूण १,९६० मेगावॉटच्या या प्रकल्पाने अलोऱ्याला वसाहत दिली, बाजार दिला आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसं दिली. बांधकामं संपत गेली तशी वसाहत ओसरली. मागे राहिली ती निवृत्तिवेतनावर आणि फंडावर चालणारी घरं, आणि खेर्डी, खडपोली, लोट्याच्या कारखान्यांत किंवा थेट पुण्या-मुंबईला कामाला जाणारी त्यांची मुलं. फ्रँचायझी विकणाऱ्याला नेमका जसा माणूस हवा असतो तसा इथे आहे. त्याच्या हातात एकरकमी दहा-पंधरा लाख आहेत, धंद्याचा अनुभव नाही, वरून आलेले नियम पाळायची तीस वर्षांची सवय आहे आणि काहीतरी स्वतःचं उभं करायची खरी ओढ आहे. या ओढीबद्दल मला आदर आहे, म्हणूनच तिच्या बदल्यात त्याच्या पदरात काय पडतं ते पै-पैचा हिशोब मांडून बघायला हवं.

आधी मालकीचंच बघू. दुकानाचा मालक काय काय ठरवतो? काय विकायचं, कितीला विकायचं, माल कुणाकडून घ्यायचा, दुकान कधी उघडायचं आणि कधी बंद ठेवायचं, उधारी कुणाला द्यायची, आणि उद्या कंटाळा आला तर दुकान कुणाला विकायचं किंवा मुलाच्या हाती कसं सोपवायचं. फ्रँचायझीच्या करारात यातलं जवळपास काहीच त्याच्या हाती राहत नाही. भाव कंपनी ठरवते. पूड, मसाला, पाव, कप, पिशव्या, गणवेश सगळं कंपनीकडून किंवा कंपनीने नेमलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावं लागतं, बाजारात तेच स्वस्त मिळत असलं तरी. भिंतीचा रंगसुद्धा ठरलेला. करार ठराविक वर्षांचा, पुढे वाढवायचा तर पुन्हा शुल्क. दुकान दुसऱ्याला द्यायचं तर कंपनीची परवानगी. वाद झाला तर तो लवादापुढे किंवा कंपनीच्या शहरातल्या न्यायालयात, म्हणजे अलोऱ्याच्या माणसाने दुकान बंद ठेवून पुण्या-मुंबईला खेटे घालायचे. पाच वर्षं राबून त्या चौकात त्या नावाला जी पत मिळाली तीही त्याची नसते. करार संपला की कंपनी पाटी उतरवून घेते, आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्याला तीच पाटी देऊ शकते.

असे करार न्यायालयात टिकणार नाहीत, अशा भ्रमात कुणी राहू नये. गुजरात बॉटलिंग कंपनी विरुद्ध कोका कोला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलं की करार चालू असेपर्यंत फ्रँचायझी घेणाऱ्याने स्पर्धकाचा माल हाताळू नये, ही अट म्हणजे व्यापाराला घातलेली बेकायदा बंदी होत नाही. तिथे भांडणारी बाटल्या भरणारी आख्खी कंपनी होती, चहाची टपरी नव्हती. त्याहून मोठं उदाहरण मॅकडोनाल्ड्सचं आहे. उत्तर आणि पूर्व भारतात १९९५ पासून विक्रम बक्षी यांची त्या कंपनीशी निम्मी भागीदारी होती. २०१३ साली त्यांना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर करण्यात आलं, पुढे कंपनी विधी न्यायाधिकरणाने त्यांना परत बसवलं, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने त्यांच्या ताब्यातल्या १६९ दुकानांचे फ्रँचायझी करारच रद्द केले. अखेर २०१९ साली तडजोड झाली आणि बक्षींचा हिस्सा मॅकडोनाल्ड्सने घेतला. दिल्लीतला नामांकित उद्योजक, हाताशी वकिलांची फौज, निम्मा भाग, वीस-बावीस वर्षांचं काम, आणि तरीही शेवटी नाव ज्याचं होतं त्याच्याकडेच सगळं गेलं. मग ज्याच्याकडे कराराची एक झेरॉक्स आणि भरलेल्या पैशाची पावती एवढंच आहे, त्याला कुठल्या तोंडाने मालक म्हणायचं?

दुसरा दावा धोका कमी असल्याचा. हा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. चालणारी दुकानं कंपनी दाखवते, पण बंद पडलेल्यांचा आकडा कोण दाखवतं? ज्या दुकानाच्या उद्घाटनाचे फोटो गावभर फिरतात, त्याचंच शटर दीड वर्षाने खाली आलं तर त्याचा फोटो कुठे छापून येत नाही. शिवाय कंपनीचा पैसा कुठून येतो ते बघा. फ्रँचायझी शुल्क दुकान उघडण्याआधीच तिच्या खात्यात जमा होतं. यंत्रं, फर्निचर आणि सजावट तिच्याच माणसांकडून घेतली की त्यातही तिचा नफा सुटतो. पुढे रॉयल्टी घ्यायची तर ती विक्रीवर लावतात, तुमच्या नफ्यावर नव्हे. त्यामुळे महिनाअखेर तुमच्या हाती काही उरो वा न उरो, कंपनीचा वाटा निघालेला असतो. रॉयल्टी नाही असं म्हणणाऱ्या कंपन्या तोच पैसा पुडीच्या भावात वसूल करतात. दुकान उघडण्यात जिची कमाई जास्त आणि ते चालण्यात कमी, त्या कंपनीने अलोऱ्यात चहाचा खप किती होईल याची चिंता का करावी?

आकडे मांडून बघू, म्हणजे नुसतं मत राहणार नाही. समजा चहाच्या दुकानाला सगळे मिळून आठ लाख लागले, त्यातलं फ्रँचायझी शुल्क तीन लाख. करार पाच वर्षांचा. हेच आठ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ५६ हजार घरबसल्या मिळाले असते. पाच वर्षांनी ना शुल्क परत मिळणार ना सजावट, तेव्हा वर्षाला १ लाख ६० हजार वसूल व्हायला हवेत. म्हणजे दोन्ही मिळून महिन्याला १८ हजार. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याची किंवा किटलीपाशी उभं राहणाऱ्याची मजुरी १५ हजार धरली तर ३३ हजार. दहा रुपयांच्या कपामागे दूध, पूड, साखर, गॅस, भाडं, वीज आणि पोऱ्याचा पगार जाऊन तीन रुपये सुटले, तर महिन्याला अकरा हजार कप विकावे लागतील, दिवसाला ३६७. पावसाळ्यातल्या प्रत्येक दिवशीसुद्धा. एवढं विकल्यावर तो कुठे पोचेल? ज्या जागी बँकेत ठेव ठेवून दुसऱ्याकडे पंधरा हजारांची नोकरी करताना पोचला असता तिथेच. आता हाच माणूस स्वतःच्या नावाने, दोन लाखांत, साधी टेबलं आणि चांगली भांडी घेऊन बसला, पूड चिपळूणच्या बाजारातून घेतल्याने कपामागे चार रुपये सुटले, तर त्याच हिशोबाने त्याला दिवसाला १६३ कप पुरतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, ज्याचे त्याने आपले घालून बघावेत. दोन हिशोबांतला फरक मात्र बहुधा त्याच बाजूला झुकतो. त्यात वस्तू व सेवा कराची एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. फ्रँचायझी शुल्कावर आणि रॉयल्टीवर १८ टक्के कर लागतो. तीन लाखांवर ते होतात ५४ हजार. खाण्यापिण्याचं दुकान पाच टक्क्यांच्या दरात असेल तर या कराची वजावट मिळत नाही, आणि उलाढाल लहान म्हणून नोंदणीच नसेल तर वजावटीचा प्रश्नच येत नाही. म्हणजे तोही पैसा खिशातूनच गेला.

यावर उत्तर येतं की नाव मोठं असलं की खप आपोआप होतो. नाव कुठे उपयोगी पडतं याचा विचार करायला हवा. जिथे विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे पाटीवरचं नाव ओळखीचं काम करतं. मुंबईच्या रेल्वे स्टेशनबाहेर किंवा द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये त्याला किंमत आहे, हे मी मान्य करतो. पण तिथलं भाडं अलोऱ्याच्या निवृत्त माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि अलोऱ्यात ती परिस्थिती नाही. इथे गिऱ्हाईक दुकानदाराला नावानिशी, घरानिशी ओळखतं. त्याचा मुलगा कुठे शिकतो आणि त्याच्या हाताला चव आहे की नाही, हेही त्याला ठाऊक असतं. अशा गावात विश्वास माणसावर असतो. तो ज्याने आयुष्यभर कमावला आहे त्याला त्याच विश्वासावर दुसऱ्याचं नाव चिकटवण्यासाठी तीन लाख मोजायला सांगणं हा अन्याय आहे, कारण प्रत्यक्षात कंपनी त्याचं नाव वापरत असते. कराडहून घाट उतरून येणाऱ्या प्रवाशाचं काय, असं कुणी विचारेल. तो थांबतो ते गाडी लावायला जागा, स्वच्छ संडास आणि गरम काहीतरी मिळतंय का हे बघून. या तिन्ही गोष्टी पुरवायला कुठल्या ब्रँडच्या परवानगीची गरज नाही.

आणि कोकणातलं गिऱ्हाईक बारा महिने एकसारखं नसतं, ही गोष्ट पुण्यात बसून मेनू ठरवणाऱ्याला कशी कळणार? शिमग्याला आणि गौरी-गणपतीला चाकरमानी आले की बंद घरं उघडतात आणि आठ-दहा दिवस दुकानात उभं राहायला जागा नसते. मे महिन्यात नातवंडं येतात. जून ते ऑगस्ट पाऊस असा कोसळतो की माणूस घराबाहेर पडत नाही, घाटात दरड आली की कराडकडची वाहतूक थांबते, वीज जाते ती तासन् तास येत नाही. स्वतःचं दुकान असणारा या सगळ्याशी जुळवून घेतो. जूनमध्ये तो दारात छत्र्या आणि ताडपत्री टांगतो, पाऊस लागला की चहाबरोबर कांदाभजी काढतो, गणपतीच्या आधी शेजारणीकडून नारळाच्या करंज्या आणि उकडीचे मोदक करून घेऊन विकतो, श्रावणात उपासाचं ठेवतो, मे महिन्यात फणसाची सांदणं नि कोकम सरबत, आणि अगदीच मंदी असली तर पंधरा दिवस शटर ओढून शेतीची लावणी उरकून येतो. त्याचा खर्च उत्पन्नाबरोबर खाली-वर होतो. फ्रँचायझीवाल्याला यातलं काय करता येतं? मोदक त्याच्या मेनूत नाहीत. ताडपत्री टांगली तर पाहणीला आलेला कंपनीचा माणूस दंड लावेल. दुकान बंद ठेवलं तर कराराचा भंग. माल घाटापलीकडे अडकला तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं, आणि बाजारातली पूड वापरली तर कंपनीला काय सांगायचं? बारमाही शहरी गर्दीसाठी आखलेलं गणित इथे चार महिन्यांच्या पावसात बसत नाही. ज्याला ते जुळवून घेण्याची अक्कल आहे, त्याचेच हात करार बांधून ठेवतो.

अडचणीच्या काळात हा फरक अधिक भोवतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, २००५ च्या जुलैतही गेली होती. अशा वेळी लहान दुकानदार कशावर उभा राहतो? विमा असला तर विम्यावर, सरकारी मदत आली तर तिच्यावर, पण सगळ्यात आधी घाऊक व्यापाऱ्याकडच्या खात्यावर. वर्षानुवर्षं ज्याच्याकडून माल उचलला तो दोन-तीन महिने थांबतो, कारण हा दुकानदार उभा राहिला तरच त्याची बाकी वसूल होणार असते. दोघांचं हित एका दोरीने बांधलेलं असतं. फ्रँचायझीत माल आगाऊ पैसे भरल्यावर निघतो. हा बुडाला तर कंपनीचं येणं बाकी नसतं, उलट तिथे नवा इच्छुक शोधता येतो.

प्रशिक्षणाचा फायदा मोठा आहे, असं तिसरं म्हणणं. काही दिवसांच्या त्या प्रशिक्षणात शिकवतात काय? पुडी कशी फोडायची, किती पाण्यात किती टाकायचं, यंत्राचं बटण कोणतं, गिऱ्हाइकाशी काय बोलायचं. मसाल्यात काय आहे ते सांगत नाहीत, आणि सांगणारही नाहीत, कारण ते कळलं तर तुम्हाला त्यांची गरज उरणार नाही. पाच वर्षं चहा विकूनही चहाचा मसाला करता येत नाही अशी ही शाळा आहे. ज्या दोन पदार्थांची फ्रँचायझी महाराष्ट्रात जोरात विकली जाते त्यांचा इतिहास तरी आठवावा. वडापावचं श्रेय दादर स्टेशनबाहेर १९६६ साली गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिलं जातं. जम्बोकिंग मालाडला २००१ साली आलं आणि गोली वडापाव कल्याणला २००४ साली. मधल्या पस्तीस वर्षांत वडापाव सबंध महाराष्ट्रात पोचला तो कुणालाही एक रुपया रॉयल्टी न देता. गाडीवर राबणारा पोऱ्या बघून बघून शिकला आणि पुढच्या चौकात त्याने स्वतःची गाडी लावली. अमृततुल्य चहाचंही तेच. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात ही दुकानं थाटली, बहुतेकांवर देवादिकांची नावं. नात्यागोत्यातल्या मुलाने काकाच्या दुकानात हात बसवून घ्यायचा आणि मग स्वतःचं दुकान काढायचं अशी ती पसरली. प्रत्येक दुकानाचा मालक वेगळा, आणि तो खरोखरच मालक होता. ज्या गोष्टी या राज्यातली माणसं दोन पिढ्या फुकट शिकत आली, त्याच पाकिटात बंद करून त्यांच्याच मुलांना लाखांनी विकायच्या आणि वर याला संधी म्हणायचं, हे मला संतापजनक वाटतं.

मग सगळ्याच फ्रँचायझ्या वाईट का? ज्या टिकल्या त्या का टिकल्या ते पाहिलं की एक कसोटी हाती येते. पेट्रोल पंप घेणारा पेट्रोल स्वतः काढू शकत नाही. अमूलचं पार्लर घेणाऱ्याला दुधाचा तो पसारा उभारता येणार नाही, आणि अमूल त्याच्याकडून रॉयल्टी घेत नाही, विकलेल्या मालावरचं ठरलेलं कमिशन त्याला देतं. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची केंद्रं गावोगाव चालली, कारण त्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीत मान्यता होती. ती मान्यता कुठल्याही खासगी क्लासला स्वतःच्या हिमतीवर मिळवता आली नसती. या तिन्ही ठिकाणी घेणाऱ्याला अशी वस्तू मिळते जी त्याला स्वतःला करता येत नाही. चहा अशी वस्तू आहे का? वडा? तीन वर्षांच्या मुलांना गाणी शिकवणं? अलोऱ्यातल्या कुठल्याही घरात हे करू शकणारं माणूस सापडेल. त्याला त्याच्याच हातची कला भाड्याने घ्यायला लावायचं, हा फायदा कुणाचा?

फ्रँचायझीला कर्ज लवकर मिळतं, असंही सांगतात. मिळत असेल. पण लवकर मिळालेलं कर्जही फेडावंच लागतं, आणि तारण द्यावं लागलं तर ते कंपनीचं नसतं, तुमचं असतं. स्वतःच्या उद्योगासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, त्यात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण गटाला २५ आणि विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे. महिला विशेष गटातच मोडतात. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मितीची योजना २०१९ पासून आहे. अन्नप्रक्रियेच्या लहान उद्योगाला केंद्राच्या २०२० च्या योजनेतून ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत मदत मिळते. ज्या शिबिरांत फ्रँचायझीचं कौतुक ऐकू येतं, तिथे या तीन अर्जांचे नमुने भरून घेतले असते तर जास्त भलं झालं असतं.

राहिला मराठी माणसाचा प्रश्न. मराठी माणूस धंद्यात मागे पडतो ही सल खरी आहे, पण तिच्यावर कुणी माल खपवत असेल तर आपण सावध व्हायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली ती कुणाचं नाव भाड्याने घेऊन नव्हे. दांडेकरांचं कॅम्लिन १९३१ चं, पेंढारकरांचं विको १९५२ चं. नाव स्वतःचं होतं, म्हणून पुढच्या पिढ्यांच्या हाती काही राहिलं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पुढे शाखा निघाल्या तेव्हा शाखेतल्या भगिनीला मालकी द्यायची हे त्यांनी ठरवलं, तिच्याकडून प्रवेश शुल्क घ्यायचं असं नव्हे. एक नाव अनेक ठिकाणी नेण्याचा हा दुसरा मार्ग याच राज्यात साठहून अधिक वर्षं चालू आहे, आणि तरीही एका नावाखाली धंदा म्हटलं की आपल्याला फक्त फ्रँचायझी आठवते, याचं वाईट वाटतं. अलोरे, पोफळी, शिरगाव, पेढांबे या पट्ट्यातल्या बचत गटांनी एका नावाने घाटरस्त्यावर चार दुकानं काढायचं ठरवलं तर त्यांना कुठल्या कंपनीची परवानगी लागणार आहे?

स्वतःची दुकानंही बंद पडतात, हा शेवटचा आक्षेप. पडतात, आणि पुष्कळ पडतात. ते लपवण्यात अर्थ नाही. पण पडण्या-पडण्यात फरक आहे. दोन लाखांचं स्वतःचं दुकान बंद पडलं तर दीड-दोन लाख जातात, भांडी राहतात, कुठला माल कधी खपतो याचं ज्ञान राहतं, पुरवठादारांच्या ओळखी राहतात, आणि वर्षभराने माणूस पुन्हा उभा राहू शकतो. आठ-दहा लाखांची फ्रँचायझी बंद पडली तर निवृत्तीचा आधारच जातो, आणि साठीत तो पुन्हा मिळत नाही. हातात उरतो तो कंपनीच्या रंगाचा काउंटर, जो दुसऱ्या कुणाला नको असतो. त्यातही कित्येकांना वाटतं की करारातल्या कलमामुळे आता आपल्याला पुढेही चहा विकता येणार नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाखाली करार संपल्यानंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही, हे त्यांना सांगायला कुणी येत नाही.

सांगायला कुणी येत नाही, कारण सांगण्याची सक्तीच नाही. फ्रँचायझीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत १९७९ पासून नियम आहे. आजच्या नियमानुसार सही घेण्याआधी किमान चौदा दिवस कंपनीने तेवीस बाबींची लेखी माहिती द्यावी लागते. त्यात कंपनीवरचे खटले येतात, गेल्या तीन वर्षांत उघडलेल्या आणि बंद झालेल्या दुकानांचे तक्ते येतात, नुकत्याच सोडून गेलेल्यांची नावं आणि संपर्क येतात. कमाईचा आकडा सांगायचा तर त्याला आधार दाखवावा लागतो. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून आचारसंहिता आहे. आपल्याकडे घर घेणाऱ्याला बिल्डरने काय सांगावं याचा कायदा महाराष्ट्राने १९६३ सालीच केला, आणि २०१७ पासून महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कुंडली बघता येते. मग तेवढ्याच कष्टाचे दहा लाख दुकानात घालणाऱ्याला तेवढंही संरक्षण का नसावं? करार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, विधिमंडळाने मनात आणलं तर दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. तो कायदा होईल तेव्हा होईल. तोवर अलोऱ्यात फ्रँचायझी विकायला येणाऱ्याकडे एकच कागद मागावा: गेल्या तीन वर्षांत बंद पडलेल्या त्यांच्या सगळ्या दुकानांची यादी, ती चालवणाऱ्यांच्या फोन नंबरांसह. त्यातल्या पाच जणांशी बोलणं होईपर्यंत फंडातला एक रुपयाही हलवू नये, आणि यादी द्यायला जो नकार देईल त्याला घरातून चहा पाजून परत पाठवावं.